तांबट आळीतली कल्हई : काम चोख, पण पोचा काढण्याआधी विचारा

मोठ्या भांड्यांना कल्हई कुठे करून मिळेल, असं विचारत पुण्यात हिंडणाऱ्यांसाठी हे लिहितेय. लहानसहान पातेल्यांना कल्हई लावणारे अजून सापडतात, सोसायटीच्या दारात भट्टी मांडून बसणाराही एखादा येतो. पण पन्नास-साठ माणसांची आमटी मावेल असलं भगुनं पुढ्यात ठेवलं की तो हात जोडतो. तेवढी त्याची भट्टी नसते आणि असलं धूड तापल्यावर एकट्याला फिरवताही येत नाही. आमच्याकडे अशी पितळेची दोन भगुनी, एक परात आणि एक हंडा. शेवटी कसबा पेठेत, तांबट आळीत काम झालं. सगळे मिळून साडेचार हजार रुपये लागले, कबूल केलेल्या तारखेनंतर आठवडाभराने भांडी हातात आली, आणि तरीही पाचपैकी साडेतीन तारे मी खुशीने देते. दुकानाचं नाव लिहीत नाही. दीड तारा का कापला तेही सांगणार आहे, आणि काम करणारा माणूस गुणी आहे, त्याच्या पोटावर पाय नको.

भांडी माझ्या आजीची. तिला आम्ही जिजी म्हणायचो, सगळी गल्लीही जिजीच म्हणायची. घर लोणंदला. माऊलींच्या पादुकांना नीरेत स्नान झालं की पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि मुक्काम लोणंदला पडतो, ज्येष्ठातल्या अमावास्येच्या आगेमागे. गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या अंगणात वर्षानुवर्षं एकच दिंडी उतरते आणि तिची एक वेळची पंगत आमच्याकडे. जिजीच्या सासूपासून चालत आलेलं. जिजी स्वतः आषाढीला कधी पायी गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘समद्यांनीच चालाय लागल्यावर भाकरी कोण थापणार?’ पंढरपूरला ती कार्तिकीला एसटीने जाऊन यायची. नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, रांग फार लांब असली तर कळसाला हात जोडायचे आणि परतीची गाडी धरायची. घरी म्हैस होती. पांडुरंग समजून घेईल, म्हैस घेणार नाही, असा तिचा रोखठोक हिशेब.

माळकरी होती, एकादशा कडक, कपाळाला बुक्का. लिहितावाचता येत नव्हतं पण अख्खा हरिपाठ तोंडपाठ. आणि तो तिचं घड्याळही होता. डाळ चुलीवर चढली की हरिपाठ सुरू, तो संपला की डाळीत डाव घालून बघायचं. माऊलींच्या पादुकांची स्वतंत्र पालखी नेण्याची रीत हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमाराला घातली आणि ते आरफळ आपल्या साताऱ्याचं, हे कीर्तनात ऐकलेलं तिला पक्कं ठाऊक होतं. पुण्यामुंबईकडून आलेल्या सुनांना ते ती दरवर्षी ऐकवायची. जणू हैबतबाबा आमचे भावकीतलेच.

आता कल्हईकडे येते. पितळेच्या भांड्यात चिंच-आमसुलाची आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं. हिरवट झाक येते, जिभेला चरचरतं, जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात. म्हणून आतून कथलाचा थर द्यायचा. पूर्वी वैशाखात कल्हईवाला गावात यायचा. आमच्या दारातल्या चिंचेखाली खड्डा खणून भट्टी लावायचा आणि चामड्याचा भाता आम्ही पोरं आळीपाळीने दाबायचो. नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठायचा, नाकात झिणझिण्या यायच्या. जिजी पाटावर बसून राखण करायची. भांडं निवलं की लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळून आतून घासायची. पदराला काळं लागलं तर, ‘शिसं मिसळलंस नव्हं? पुन्यांदा लाव,’ आणि तो बिचारा लावायचा. वाद घालायचा नाही. पंगत कुणाची आहे हे त्यालाही माहीत असायचं.

मग तो यायचा थांबला. पुढे 2020 आणि 2021 ला करोनामुळे पायी वारीच झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. जिजीने दोन्ही वर्षी नेमाचा शिधा मोजून काढला आणि नाक्यावरच्या बंदोबस्ताच्या पोलिसांना डबे धाडले. भगुनी मात्र माळ्यावर गेली. 2022 ला वारी पुन्हा निघाली तेव्हा तिच्या खुब्याचं हाड मोडलेलं होतं. आचारी सांगितला, तो स्वतःचे ॲल्युमिनियमचे टोप घेऊन आला. खाटेवर पडून जिजीने आमटी चाखली आणि एवढंच म्हणाली, ‘मीठ बरुबर हाय.’ आमच्या घरात यापेक्षा वाईट शेरा नाही. 2024 च्या माघात ती गेली. यंदा काकूने सांगून टाकलं, आचारी नको, भगुनी खाली काढा.

खाली काढली तेव्हा आतून काळीनिळी झालेली. आण्णा गाडीत घालून पुण्याला घेऊन आले. आधी आम्ही भांड्यांच्या बाजारात विचारलं. एकजात सगळ्यांचं उत्तर एकच. आता कल्हई कोण करतं, मोड द्या, वजनावर स्टीलचं नवं घेऊन जा. मोड म्हटल्यावर आण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बहात्तरच्या दुष्काळात जिजी खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, ती पोरांसाठी पदरात बांधून आणायची. त्या वर्षी तिने गळ्यातलं मोडलं, पाटल्या मोडल्या. भगुन्यांवर सोनाराची नाही पण कासाराची नजर होतीच. तिने दिली नाहीत. पुढच्या जूनमध्ये पालखी आली तेव्हा त्याच भगुन्यात रेशनच्या लाल मिलोच्या कण्या शिजवून दिंडीला वाढल्या. वारकऱ्यांनी त्या खाल्ल्या, कारण त्यांच्याही घरी तेच शिजत होतं. अशी भांडी ‘मोडीत’ घालायला सांगणाऱ्या माणसाशी आण्णा पुढे बोललेच नाहीत. गाडीत जाऊन बसले.

तांबट आळी आम्हाला एका भांडेवाल्यानेच सुचवली. कसबा पेठेतली ही आळी पेशवाईपासूनची. कोकणातून आलेले त्वष्टा कासार इथे वसले, आणि तांब्या-पितळेच्या ठोकण्याचा आवाज अजून येतो, पूर्वीइतका नसेल. पाणी तापवायचे बंब, घागरी, हल्ली हॉटेलांसाठी वाट्या आणि दिव्यांच्या शेड. आता मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन झालंय, पण बारा किलोचं भगुनं घेऊन मेट्रोने कोण जाणार? गाडी आळीत घालू नका, निघत नाही. बाहेर लावा आणि हमाल करा.

दुकानातले काका साठीच्या पुढचे. त्यांनी आधी कल्हईचं बोललंच नाही. भगुनं उपडं केलं, तळावरून पंजा फिरवला आणि आण्णांना म्हणाले, ‘हे हातचं आहे. हे मठार बघा.’ हातोडीचे ते गोल ठसे मी लहानपणापासून बघत आले होते, मला ती नक्षी वाटायची. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, म्हणून मठारायचं, हे त्या दिवशी कळलं. मग काठापासून चार बोटं खाली नखाने एक रेघ दाखवली. दोन पत्रे एकमेकांत दातेरी अडकवून सांधलेले. इतक्या वर्षांत तो सांधा आम्हाला कधी दिसला नव्हता, इतका तो बुजलेला. या दहा मिनिटांसाठी मी एक अख्खा तारा देते.

कथलाचं विचारलं तर काका आत गेले, कांडी घेऊन आले आणि माझ्या कानाशी धरून वाकवली. करकर असा बारीक आवाज येतो. ‘शिसं घातलं की कांडी मुकी होते,’ म्हणाले. जिजीचा पदर आणि यांची कांडी, परीक्षा एकच. मला तिथेच विश्वास बसला.

काम सुरू असताना थांबायला देतात, तेवढा वेळ काढाच. आधी भांडं आतून तेजाबाने धुतात आणि वाळूने घासतात, पितळ नव्यासारखं पिवळंजर्द होईपर्यंत. मग भट्टीवर. भात्याच्या जागी आता विजेचा ब्लोअर, बाकी सगळं तेच. दोघांनी लांब चिमट्यांनी भगुनं धरून फिरवायचं, तिसऱ्याने नवसागर टाकायचा, कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात सगळीकडे ओढायचं. पिवळ्यावरून चांदी पसरत जाते, आणि हात अर्धा क्षण रेंगाळला तर तिथे डाग राहतो. शेवटी पाण्यात बुचकळलं की चर्र. धूर मात्र बाहेर जायला वाट कमी आहे. दम्याचा त्रास असेल तर बाहेरच उभे राहा. मशिनवर घासून गुळगुळीत करून मिळालं असतं, यांनी तसं केलं नाही, हातोडीचे ठसे शाबूत ठेवले.

परातीची एक गंमत. ती परात जिजीने लोणंदच्या बाजारात जुनी घेतलेली, तिच्या काठावर भलत्याच बाईचं नाव टिंबाटिंबांनी कोरलंय, लग्नातली भेट म्हणून. ती कोण, कुठली, परात बाजारात का आली, कुणालाच माहीत नाही. नाव घासून काढ म्हणून सासऱ्यांनी सांगितलं होतं, जिजीने ऐकलं नाही. पंगत उठल्यावर ती हात जोडून घरच्यांची नावं घ्यायची, गेलेल्यांची घ्यायची आणि शेवटी या परातवाल्या बाईचंही घ्यायची. ‘परात तिची हाय, थोडं पुन्य तिला बी जाऊ दे.’ मी काकांना बजावून सांगितलं होतं की नाव जाता कामा नये. नाही गेलं. उलट टिंबांतली घाण निघून ते आता लांबून वाचता येतं.

काकांचा मुलगा नाव घालायचं कामही करतो, अक्षराप्रमाणे पैसे. भगुन्यांवर ‘स्मरणार्थ’ म्हणून जिजीचं नाव घालू या, असं आण्णांच्या मनात आलं. काकूला फोन लावला. काकू म्हणाली, ‘भावजी, नाव भांडं परत मागायला घालतात. आत्याबाई काय मागायला येणारेत?’ विषय मिटला, तीनेकशे रुपये वाचले.

आता दीड तारा. अर्धा उशिराचा आणि काठाचा. पालखीच्या आधी मंडळांची, मंदिरांची भांडी येतात, गर्दी असते हे मान्य, पण मग तारीख देताना तसं सांगावं. प्रत्येक फोनला ‘उद्या’ ऐकून माझा जीव टांगणीला लागला होता, इकडे माऊली पुण्यातून निघण्याच्या बेतात. शिवाय एका भगुन्याचा काठ एका बाजूला पातळ लागला होता, पितळ दिसत होतं. दाखवल्यावर एक अक्षर न बोलता पुन्हा लावून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

उरलेला एक तारा पोच्याचा, आणि हे नीट सांगायला हवं. दिंडीत एक म्हातारे विणेकरी यायचे. कांदा-लसूण खात नसत, पण पंगतीत तसं बोलून दाखवण्यातले नव्हते. एका वर्षी त्यांनी आमटी वाटीतच ठेवली आणि भाकरी मिठाशी खाल्ली. वाढणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, जिजीच्या आलं. तिने विचारलं नाही, तेही बोलले नाहीत. पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या भगुन्यात बिनकांद्या-लसणाची आमटी वेगळी. लोणंद म्हणजे कांद्याची पेठ, कांदेनवमी अजून आठवड्यावर, घरात कांद्याच्या आरणी, आणि त्यातून हे. एकट्या विणेकऱ्यांसाठी सुरू झालेलं ते भगुनं पाचसात वर्षांत निम्म्या पंगतीला लागायला लागलं, कारण तसे न बोलणारे आणखी बरेच निघाले.

दोन्ही भगुनी एका मापाची. पण एक कधीतरी रेल्वे फाटकापाशी बैलगाडीतून पडलं होतं, त्याच्या काठाखाली मुठीएवढा पोचा. साध्या आमटीचं भगुनं ते. पहाटे चारला अंधारात, पुढे मोतीबिंदू झाल्यावर तर भरदिवसासुद्धा, जिजी काठाखाली हात घालायची. पोचा लागला की कांद्याचा डाव लांब. काकूही तेच शिकली, आम्हीही. घरात त्या भांड्याचं नावच ‘पोच्याचं’.

काकांनी पोचा काढून टाकला. इतका साफ की कुठे होता तेही दाखवता येऊ नये. वर त्याचे पैसे लावले नाहीत. म्हातारीचं भांडं म्हणून आपल्याकडून सेवा, असं म्हणाले. काय बोलणार? मी म्हटलं, परत पाडून द्या. ते हसले. मी हसत नाही हे पाहून गंभीर झाले आणि म्हणाले, ‘ताई, हातोडी पोचे काढायला असते.’ मी विणेकऱ्यांची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली, वाईट वाटलेलं दिसलं, पण पाडून काही दिला नाही. पाडताना सांधा उकलला तर, हे त्यांचं म्हणणं बरोबरही असेल. माझी तक्रार एवढीच की हात लावण्याआधी एक फोन करायचा. जुनं भांडं घेऊन येणाऱ्याला त्यातलं काय ठेवायचंय, हे दुकानदाराला दिसत नसतं, म्हणून विचारायचं असतं. ज्या माणसाला नख फिरवून सांधा सापडतो त्याच्याकडून ही अपेक्षा जास्त नाही.

यंदाची पंगत झाली. काकूने साध्या आमटीच्या भगुन्याच्या कडीला तुळशीची जुनी माळ बांधली, जिजीची नव्हे, तिची जिजीबरोबर गेली, घरातली दुसरी. माळ धुरकटली पण काम भागलं. चव विचाराल तर आचाऱ्याच्या दोन वर्षांनंतर दिंडीतल्या लोकांनी न विचारता दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. उरलेली आमटी संध्याकाळपर्यंत भगुन्यात होती, कळकली नाही. मी दुसऱ्या दिवशी पांढरं फडकं आतून घासून बघितलं, स्वच्छ. विणेकरी बाबा आता येत नाहीत, त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या वीणा घेऊन असतो. तो कांदा खातो, चांगला दोन डाव घेऊन खातो.

कुणी जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. पालखीच्या किंवा गणपतीच्या तोंडावर भांडी देऊ नका, चैत्र-वैशाखात द्या. रेट भांडं बघून सांगतात, कथलाच्या भावाप्रमाणे वरखाली होतो, फोनवर विचारून उपयोग नाही. घरी आणल्यावर पहिलं पाणी खळखळून उकळून टाकून द्या. रिकामं भगुनं विस्तवावर ठेवू नका, कथील 232 अंशांना वितळतं, तळाला गोळे होतात. फोडणी वेगळ्या लोखंडी कढईत करून वरून ओता. तारेची घासणी अजिबात नको, राख किंवा चिंच आणि नारळाची शेंडी पुरते. रोज वापर असेल तर थर लवकर जातो, आमच्यासारखं वर्षातून दोन-चारदाच चढत असेल तर बरीच वर्षं टिकेल असं काका म्हणाले. आणि देताना भांड्यावर खडूने खूण करून चिठ्ठी चिकटवा, काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही. तोंडी सांगितलेलं भट्टीपर्यंत पोचत नाही.